भेगेवरची काचपट्टी

मी एका जुन्या खिडकीच्या तावदानातून कापलेली काचेची पट्टी आहे. मित्रांनो, मी जेमतेम बोटाएवढी लांब, आणि माझं सगळं आयुष्य पनवेलमधल्या एका भिंतीवर गेलं.

ते घर नाथनकाका आणि शुलामिथकाकूंचं. मुलं इस्राएलला गेली, मागे हे दोघंच राहिले. कंबरेचं हाड मोडल्यापासून काकू मागच्या खोलीत पलंगावर पडून असत. त्यांच्या उशाशीच भिंतीला एक तिरपी भेग गेली होती. पूर्वी नावाची इंजिनिअर ती बघायला आली. तिने भिंत ठोकून पाहिली आणि भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंट लावून मला मध्ये आडवं बसवलं.

"काका, भेग जुनी असेल तर काच अशीच राहील. भिंत अजून सरकत असेल तर तडकेल. तडकली की काकूंना आधी या खोलीतून हलवा, मग मला फोन करा. रोज बघत जा."

"भिंत कुठे पळून जातेय?" काका हसले.

सुरुवातीला काका रोज येत, मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "शाबास गं!" मला फार अभिमान वाटे. पण घरी कुणी आलं की त्याची नजर भेगेवरच खिळे. काकांना ते सहन होईना. शेवटी त्यांनी लाकडी कपाट ओढून माझ्यापुढे उभं केलं.

मग नुसता अंधार. भर उन्हाळ्यात भेगेतून गार वारा येई. त्याला शेवाळाचा वास असे. खालून, फार खालून आवाज येई, टप्. मग बराच वेळ काहीच नाही. आणि कुणीतरी माझी दोन्ही टोकं हळूहळू ओढत असे. मित्रांनो, काचेला एकदाच ओरडता येतं.

एका दुपारी मी ओरडले.

"अहो, ऐकलंत? भिंतीत काहीतरी मोडलं," काकू म्हणाल्या.

"पाल असेल."

"पाल नाही. कपाट सरकवा. आत्ता!"

माझे दोन तुकडे बघून काकांचा चेहरा पांढराफटक पडला. पण ते थांबले नाहीत. शेजारच्या कमलाकरला हाक मारून त्यांनी पलंगासकट काकूंना बाहेरच्या खोलीत नेलं आणि पूर्वीला फोन लावला. ती पोचायच्या आत मागच्या खोलीची फरशी खचली, पलंग आधी जिथे होता तिथेच. भिंतीचा खालचा भागही फरशीबरोबर गेला. खाली काळंभोर पाणी होतं.

"विहीर आहे," पूर्वी दारातूनच म्हणाली. "कुणीतरी लाद्या टाकून झाकली आणि काठावरच भिंत बांधली."

"काय आहे तिथे? सांगा ना!" काकू बाहेरून विचारत होत्या.

मित्रांनो, भेग दिसली तर तिच्यावर रंग फासू नका, तिच्यापुढे कपाट लावू नका. जाणत्या माणसाला दाखवा आणि तिच्यावर लक्ष ठेवा.

माझा एक तुकडा अजून भिंतीवर चिकटलेला आहे. दुसरा पाण्यात पडला. तो मला अजून जाणवतो. तो खाली खाली चालला आहे. तळ त्याला अजून लागलेला नाही.