हलती रेघ

धाकटी शुद्धीवर आली, तेव्हा थोरलीकडे बघून एवढंच म्हणाली, "रेघ हिरवी होती. तुझी रेघ."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथेच राहिली.

धाकटी सांडपाण्याच्या पंपघरात कामाला. खोल खड्ड्यात उतरून जाळीत अडकलेला कचरा काढायचा. खड्ड्यात विषारी वायू साठतो, म्हणून तळाशी तो मोजणारं यंत्र बसवलेलं, आणि वर पडद्यावर त्याची रेघ सरकत असते. हिरवी असली तर उतरा, लाल झाली तर उतरू नका. हा पडदा थोरलीने तिच्या कंपनीत बसून, जीव ओतून बनवलेला. बाकीचे उतरण्याआधी हातातल्या मीटरनेही वायू तपासायचे. धाकटी मात्र मीटर खुंटीवरच ठेवायची. "माझ्या बहिणीने केलाय पडदा," असं मिरवत शिडी उतरायची. त्या दिवशी तळाशी बेशुद्ध पडली; सोबत्यांनी दोराने ओढून काढली म्हणून वाचली.

थोरलीने ऑफिसात येऊन आपला प्रोग्रॅम उघडला. यंत्राकडून संकेत यायचा थांबला की रेघ तुटली पाहिजे आणि पडदा काळा झाला पाहिजे, असं तिने लिहिलं होतं. ते कुणीतरी काढून टाकलं होतं. आता संकेत थांबला तरी शेवटचा आकडा धरून रेघ पुढे चालत होती. वर ती जिवंत दिसावी म्हणून थोडी हलत होती. खड्ड्यातलं यंत्र बंद पडलेलं, आणि वर रेघ मजेत डुलतेय.

शेजारच्या टेबलावर बसायचा त्याला सगळं ऑफिस होयबा म्हणायचं. थोरलीने त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"हे कुणी केलं?"

"साहेब म्हणाले, तुटकी रेघ गिऱ्हाइकाला बरी दिसत नाही. मी काय करणार?"

"आणि ती हलवायचं डोकं कुणाचं?"

होयबा बुटांकडे बघत म्हणाला, "माझं. सपाट रेघ खोटी वाटत होती."

खोटी वाटत होती म्हणे. एक थोबाडीत द्यावी असं तिच्या अगदी मनात आलं होतं.

साहेबांनी तर हातच झटकले. "बहीण बरी आहे ना? मग झालं तर. उद्या मोठं गिऱ्हाईक येतंय, तोवर पडद्याला हात लावायचा नाही." तिने पंपघराच्या मुकादमाला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या साहेबांनी सांगितल्याशिवाय मला पडदा बंद करता येत नाही. म्हणजे तीच खोटी रेघ बघत माणसं अजून उतरत होती, आणि इथे खुर्च्या पुसणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे बसले. टेबलावर नमुन्याचं यंत्र, त्याची वायर कॉम्प्युटरला, आणि भिंतीवर हिरवी रेघ. साहेब भिंतीकडे पाठ करून रंगात आले होते. "आमची रेघ कधीच तुटत नाही."

थोरली उठली आणि तिने वायर उपटली.

रेघ चालतच राहिली. हिरवीगार, हलत. साहेब बोलतच राहिले, "वादळ येवो, वीज जावो," आणि समोरची माणसं तिच्या हातातल्या वायरकडे बघायला लागली. अखेर पाहुण्यांतल्या वयस्क इंजिनियर बाईंनी विचारलं, "मग हे आता काय मोजतंय?"

"काही नाही," थोरली म्हणाली. "असंच काहीही मोजत नव्हतं, तेव्हा माझी बहीण खड्ड्यात उतरली."

"ती जरा दमलीये," साहेब हसत म्हणाले.

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "हा पडदा तिथे अजून चालू आहे?"

"चालू आहे. माणसं उतरतायत."

बाईंनी टेबलावरचा फोन साहेबांपुढे सरकवला. "आधी त्यांना थांबवा. तुमचं बाकीचं मला ऐकायचं नाही."

साहेबांनी फोन केला. गिऱ्हाईक गेलं. होयबाने नंतर तिला ऐकवलं, सगळ्यांच्या पोटावर पाय आणलास. ती म्हणाली, पुढच्या वेळी खड्ड्यात तू उतर.

नवा पडदा बसवायला ती स्वतः पंपघरात गेली. यंत्र बदललेलं होतं. तिने सगळ्यांदेखत वायर काढली, रेघ तुटली, पडदा काळा झाला. वायर परत जोडली, रेघ आली. धाकटीचा बरी झाल्यानंतरचा कामावर पहिला दिवस होता. ती दोर कमरेला बांधत बघत होती.

"आता बरोबर आहे?"

"बरोबर आहे. कुणाला हात लावू देणार नाही."

"बरं," धाकटी म्हणाली. मग तिने खुंटीवरचं मीटर काढलं, दोरीने खड्ड्यात सोडलं, वर घेऊन त्याने धरून ठेवलेला आकडा दोनदा वाचला आणि शिडीवर पाय ठेवला. पडद्याकडे तिने वळूनही बघितलं नाही.

हेच बरोबर होतं, हे थोरलीला कळत होतं. तरीही असा संताप आला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि तो काढायला तिथे ना साहेब होते ना होयबा.