फेस बसेपर्यंत

मी कृष्णाताची म्हैस, गुणी, बोलतेय. म्हशीनं बोलावं की नाही, याबद्दल माझं मलाच नक्की सांगता येत नाही. रवंथ करता करता हा प्रश्नही मी पुष्कळदा चघळला आहे. पण या प्रकरणात सगळ्यांचं बोलून झालं, माझंच राहिलं. म्हणून धीर करते.

माझा जन्म उचगावातल्या गोठ्यातला. आमच्यात मुलगी झाली की घर हसतं आणि मुलगा झाला की तोंडं उतरतात. माणसांत म्हणे बरीच वर्षं उलटं चाललं होतं. शहाणं कोण, ते मी ठरवू नये. जन्मल्या जन्मल्या माझं नाव गुणी ठेवलं. गुण दिसायच्या आधीच असं नाव पडलं की आयुष्यभर धास्ती राहते.

रोज संध्याकाळी आम्ही कोल्हापुरात दूधकट्ट्यावर जातो. तिथं गिऱ्हाईक समोर उभं राहतं, धार थेट पेल्यात पडते आणि कोमट दूध माणूस उभ्या उभ्या पितो. मिशीला फेस लागल्याशिवाय इथं कुणाला दूध प्यायल्यासारखं वाटत नाही. एवढ्या लोकांसमोर दूध द्यायला मला अजून संकोच वाटतो. त्यांना प्यायला वाटत नाही.

कृष्णात दिवसा शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला. गेल्या थंडीत तो मोटारसायकलवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. काम बंद, म्हणून पगार बंद. धार काढायचं काम सातवीतल्या स्वप्नालीवर, त्याच्या लेकीवर आलं. तो डाव्या हातानं माझा कासरा धरून पुढं उभा राहायचा आणि गिऱ्हाइकांना हाताची हकिकत सांगायचा. हकिकतीत गाडीला आडवं आलेलं कुत्रं दिवसेंदिवस मोठं होत गेलं.

त्याच दिवसांत स्वप्नालीच्या शाळेत मुलींचा फुटबॉल संघ निवडला गेला. तिचं नाव आलं. पण सर म्हणाले, बूट नाहीत त्यांनी बाकावर बसायचं. तिनं घरी विचारलं. कृष्णातानं नुसतं प्लास्टर वर केलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढं जे झालं त्याची सुरुवात लबाडीनं झाली नाही, असं मला वाटतं. चुकतही असेन. माझ्या लाथेच्या भीतीनं तिनं पेला खूप खाली, लांब धरला. लांबून धार पडली की फेस फार. पेला काठोकाठ दिसला, आणि आत दूध निम्मं. कॉलेजातला एक पोरगा खुशीत ओरडला, "आयला, काय फेस हाय! एक नंबर म्हैस!"

स्वप्नाली पेल्याकडं बघत राहिली. त्यानंतर माझ्या लाथेची भीती गेली तरी पेला खालीच राहिला.

वाचलेल्या दुधाचे दोन-तीन पेले जास्तीचे निघू लागले. रोजचे पैसे कमरेच्या पिशवीत, जास्तीचे डाव्या मोज्यात. बुटाचा पत्ता नव्हता, पण मोजा भरत चालला होता. मला कळत होतं. मी लाथ मारू शकले असते. पण पोर बूट मागून गप्प बसलेली मी पाहिली होती. शिवाय लाथ नक्की कुणाला मारायची, हे ठरेना.

कट्ट्यावरचे जुने गिऱ्हाईक हंबीरराव, एके काळचे तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. त्यांची मिशी केवढी म्हणाल, तर फेस त्यांनाच सर्वांत जास्त लागायचा. एके दिवशी ते पेला खाली ठेवून म्हणाले, "काय रं कृष्णात, म्हैस आटाय लागली व्हय? निस्ता फेस. मिशीला पुरतंय, घशाला न्हाय."

"तात्या, पेंड तर खातीया की पोटभर."

"खाती म्हंजे देती, असं आसतंय व्हय? माझा जावई बघ."

सगळे हसले. कृष्णात हसला नाही. पगार बंद असताना आटत्या म्हशीला पेंड घालणं परवडत नाही. चार दिवसांनी त्यानं आकाराम नावाच्या व्यापाऱ्याला कट्ट्यावरच बोलावलं.

आकारामनं माझं तोंड उघडून दात बघितले, शेपूट पिरगाळली. माझं मत कुणी विचारलं नाही. मग म्हणाला, "एक पेला काढ बाळ. धार बघूनच बोलू."

स्वप्नाली पेला घेऊन माझ्या कासेशी बसली. भरून दूध दिलं तर व्यापारी मला चांगल्या भावानं नेणार, फेस दिला तर पडेल भावानं. दोन्हीकडून मी जाणारच. भीतीनं मी पान्हाच सोडला नाही. तिनं माझ्या पोटाला कपाळ टेकवलं. मग उठली, डावी चप्पल काढली, मोजा ओढला आणि बापापुढं उलटा केला. नोटा खाली पडल्या. त्यांचा वास मी सांगत नाही.

"आबा, गुणी आटली न्हाई. मीच पेला लांब धरत हुतो. बुटासाठी. तिला इकू नका."

कृष्णातानं मारायला हात उगारला. नेमका प्लास्टरचा. "आई गं!" म्हणून तोच खाली बसला.

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे एवढे दिवस मी मिशीलाच दूध पाजत हुतो म्हणा की!"

आकाराम हळूच म्हणाला, "आटली नसंल तर हजार जास्त देतो."

"न्हाई पावणं," कृष्णात खालूनच म्हणाला. "म्हैस न्हाई द्यायची." मग लेकीकडं वळला. "ह्या नोटा पिशवीत टाक. आजपासनं पेला वर धरायचा. फेस बसू द्यायचा, मग वर भर घालायची. सगळ्यांचं फिटंपर्यंत. आन् का, ते इचारलं तर सांगायचं."

ती सांगायची. रोज, मान खाली घालून, प्रत्येकाला. काहींनी झापलं. कॉलेजातला पोरगा म्हणाला, "आदीचंच बरं हुतं की!" फेस बसेपर्यंत थांबताना मात्र लोक एकमेकांशी बोलायला लागले, आणि कृष्णाताचं कुत्रं वाघाएवढं झालं.

एका संध्याकाळी हंबीररावांनी नातवाचे जुने बूट आणून दिले. "फुकट न्हाईत. पयला गोल मला बघायचाय." बूट तिला दोन बोटं मोठे. तिनं पुढं कडब्याची पानं कोंबली. उद्या तिची पहिली मॅच आहे.

ते बूट आत्ता माझ्या दावणीशेजारच्या खुंटीवर टांगलेत. पानं वाळलेली, गोड वासाची, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. खाल्ली नाहीत, शपथ. पण एकदाच, अगदी एकदाच, जीभ लावून बघितली. एक पान कमी झालं असावं.

तुम्ही शिकलेली माणसं आहात. एवढं सांगा, हे तिला सांगायला हवं का? आणि हवं असेल, तर सकाळी तेवढं तुम्हीच सांगाल का? मी हंबरले, तर तिला वाटेल पेंडच मागतेय.