सात आणि आठाचं भांडण

नृत्यशाळेत पियानो वाजवणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत, पण शिकवायच्या मॅडम. त्यांनी ‘पाय ताणा’ म्हटलं की पाय ताणल्यासारखं आणि ‘उड्या’ म्हटलं की उड्या मारल्यासारखं काहीतरी तिथल्या तिथे रचून वाजवायचं, एवढंच मास्तरांचं काम. आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा. इतकी वर्षं हे केल्यावर बोटं घाण्याच्या बैलासारखी आपली आपण फिरत आणि मास्तर मनातल्या मनात संध्याकाळी भाजी कुठली आणायची ते ठरवत.

त्यांचा मेहुणा नाट्यगृहात दिवे सांभाळायचा. तो एकदा त्यांना मैफलीला ओढून घेऊन गेला. “फुकटचे पास आहेत भाऊजी, आणि खुर्च्या मऊ आहेत.”

मैफल एका संगीतकार आजींची होती. चांगल्या हयात होत्या, पहिल्या रांगेत बसून पेपरमिंट चघळत होत्या. रंगमंचावर दोन पियानो. एकावर सात मात्रांची ओळ, दुसऱ्यावर आठांची, दोन्ही पुन्हा पुन्हा. निघताना दोन्ही ओळी हातात हात घालून निघायच्या, मग भांडण झाल्यासारख्या फाटत जायच्या आणि बऱ्याच फेऱ्यांनी अचानक एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. मेहुणा घोरत होता. मास्तर मऊ खुर्चीच्या अगदी काठावर आले होते.

“हे मला जमेल,” परत येताना ते म्हणाले.

“काय, झोपणं? सोपं आहे.”

सोपं नव्हतंच. आजींनी ते घरी बसून, हाताशी खोडरबर ठेवून लिहिलं होतं. मास्तरांना तिथल्या तिथे रचायचं होतं, आणि एकदा वाजलेला सूर काही परत घेता येत नाही. शिवाय आजींकडे दोन वाजवणारे होते, इथे एकट्याचेच दोन हात. म्हणून त्यांनी डाव्याला आठ दिले, मुलींच्या पायांसाठी, आणि उजव्याला सात. जेवणाच्या टेबलावर रियाज सुरू झाला.

“तुमच्या हातांचं आपसात पटत नाही का?” बायकोने विचारलं.

“डावा ऐकत नाही माझं.”

“मग आज उजव्यालाच वाढते.”

शेवटी वर्गात वाजवायची वेळ आली. तिसऱ्या फेरीपर्यंत सगळं ठीक होतं. मग अर्ध्या मुली डाव्या हाताच्या मागे गेल्या, अर्ध्या उजव्याच्या, आणि एक उंच मुलगी दोन्हींच्या मागे जायला गेली ती आरशावरच आदळली. मॅडमनी टाळी वाजवून सगळं थांबवलं.

“पियानो बिघडलाय का?”

“नाही मॅडम, मी बिघडलोय.”

“मग दुरुस्त होऊन या. पोरींचे पाय मोडले तर आईबाप माझ्या दारात उभे राहतील, तुमच्या नाही.”

मास्तर चिडले, पण मुकाट्याने घरी येऊन विचार करत बसले. आजींच्या दोन्ही ओळी सारख्याच जोरात बोलत होत्या, खरी गोम तिथे होती. मैफलीत ते ठीक, तिथे कुणाला उडी मारायची नसते. मग त्यांनी डाव्याला जमिनीसारखं ठाम केलं आणि उजव्याला वर, हलक्या आवाजात सोडलं. पुढच्या वर्गात पाय आठांवर पडले, हात मात्र कुणी न सांगता सातांवर तरंगू लागले. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून एवढं कौतुक आजवर कुणालाच मिळालं नव्हतं.

मेहुण्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने आजींना सांगितलं, आणि एका सकाळी आजी स्वतः वर्गात येऊन खुर्ची टाकून बसल्या. मास्तर सावरून बसले. त्यांनी सात-आठाचा नियम काटेकोर पाळला, एक मात्रा इकडची तिकडे होऊ दिली नाही. वाजवून झाल्यावर वळून पाहिलं, तर आजी मान टाकून गाढ झोपलेल्या.

मुली खिदळल्या, तशा आजी जाग्या झाल्या. “छान झोप लागली हो! माझ्या कार्यक्रमात लोक नेहमी झोपतात, मलाच तेवढी कधी संधी मिळत नाही.”

“चुकलं का काही?” मास्तरांनी विचारलं.

“काहीच चुकलं नाही, तीच तर पंचाईत. तुम्ही माझा नियम सासूबाईंनी घालून दिल्यासारखा पाळता. मी कुठे पाळते? कंटाळा आला की सरळ मोडते. त्या मैफलीतल्या रचनेतच अकरा ठिकाणी मोडलाय.”

“ऐकू नाही आलं.”

“येऊ नये अशाच बेताने मोडलाय,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी पेपरमिंटची पुडी पुढे केली.

मास्तरांनी गोळी गालात धरली आणि पुन्हा सुरुवात केली. सात-आठाचं भांडण रंगात आलं. दोन्ही ओळी एकमेकींच्या गळ्यात पडायची वेळ जवळ येत होती, मुलीही तिची वाट पाहत होत्या. नेमक्या त्या क्षणी मास्तरांना कंटाळा आला, आणि त्यांनी दोन्ही हात उचलले. वर्गभर सगळ्यांचे पाय हवेत. मग उजव्याने भलत्याच पट्टीवरून एक खट्याळ, अर्धवट ओळ काढली आणि डावा तिच्यामागे धडपडत धावला. मुली हसत हसत खाली आल्या, सगळ्या एकदम, आणि उंच मुलगी आरशापासून सुरक्षित अंतरावर.

आजी टक्क जाग्या होत्या. मॅडम पियानोजवळ आल्या.

“आता शेवटी केलंत ते काय होतं?”

“माहीत नाही.”

“पुन्हा वाजवा.”

“आता कुठून आणू मॅडम? गेलं ते.”

मॅडम मुलींकडे वळल्या. “ऐकलंत? गेलं म्हणे. चला, उड्या.”