चार भोकांचं बटण

धाकट्या बहिणीचं बरं चाललंय हे ताईला आवडायचं. फार बरं चाललंय, हे मात्र तिच्या पचनी पडत नव्हतं.

ती दुष्ट नव्हती. बहीण आजारी पडली असती तर हीच तिच्या उशाशी बसली असती. पण बहिणीच्या कंपनीत एखादा कोट कापताना बिघडला असं कानावर आलं, की त्या दिवशीचा चहा तिला जरा जास्त गोड लागायचा. मग तिला स्वतःचीच लाज वाटायची आणि ती बहिणीला फोन करून उगाच प्रेमानं बोलायची.

धाकटीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती लहानपणापासून एका जागी टिकायची नाही. दोनदा नापास झाली, तीन नोकऱ्या धरल्या नि सोडल्या. ताई पहिल्यापासून गुणाची. हातात चित्रकला, वर्गात पहिली. अठरा वर्षं जाहिरात कंपनीत काढून आता ती घरूनच लोगो करून द्यायची. दुधाच्या पिशवीवर, औषधाच्या खोक्यावर, शाळेच्या बसवर तिनं काढलेल्या खुणा गावभर फिरत होत्या. पण लोगोखाली कुणी सही करत नाही. आईला तर थोरली नेमकं काय करते हे अजून कुणाला धड सांगता येत नव्हतं.

भिंगरीचं काय ते मात्र आई पोस्टमनलाही सांगायची. पाच वर्षांपूर्वी आईच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि हात वर होईना. भिंगरीनं घरातला एक शर्ट मानेपासून मनगटापर्यंत उसवला आणि त्याला टिचबटणं लावली. हात न उचलता आईला तो घालता यायला लागला. दवाखान्यातल्या नर्सनं तो बघून आपल्या वडिलांसाठी तसाच मागितला, तिथून पुढे रांगच लागली. एक खांदा उतरलेले, पाठीला बाक आलेले, चाकाच्या खुर्चीत बसणारे, दुकानातला कुठलाच कपडा ज्यांना नीट बसत नाही अशी माणसं यायची. प्रत्येकाचं माप वेगळं, प्रत्येकाचा कपडा वेगळा. आता भिंगरीकडे अकरा मशिनं होती आणि कापायला एक म्हातारे कटिंगमास्टर.

एका दुपारी ती ताईच्या खोलीत आली आणि चपला काढता काढताच बोलायला लागली.

"ताई, मला लोगो हवाय. लेबलवर, पिशवीवर, नव्या जागेच्या पाटीवर. तूच काढायचास."

"नवी जागा? कसली नवी जागा?"

"आईनं सांगितलं नाही? आत्ताच्या दुप्पट आहे. ट्रायलसाठी चार खोल्या!"

आईनं सांगितलं नव्हतं. जगभर सांगणाऱ्या आईनं हिलाच का सांगू नये, हे ताईला लगेच कळलं, आणि आईला आपलं मन दिसतं याचा तिला आणखी राग आला.

"माझ्याकडे कामं तुंबलीत," ती म्हणाली. "बघते."

"सावकाश कर, काही घाई नाही. फक्त सोमवारी लेबलवाल्याला द्यायचंय."

"म्हणजे घाई आहे."

"हो गं, आहे," भिंगरी हसली आणि टेबलावरची अर्धी बिस्किटं संपवून गेली.

ताईनं काम मनापासून केलं. आपली विद्या काय आहे ते एकदा सगळ्यांना दिसू दे, असं तिच्या मनात होतं. चार दिवस तिनं दुसरं काही हातात घेतलं नाही. सुईच्या नेढ्यातून निघालेला धागा, त्याच एका अखंड रेषेतून मान आणि दोन खांदे, शेवटी बारीक गाठ. रेष अशी उतरली होती की ती खुर्ची मागे सरकवून कितीतरी वेळ स्वतःच बघत राहिली.

शुक्रवारी चित्राचा छापलेला कागद दाखवायला म्हणून ती कारखान्यात गेली. आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. भिंगरी आत कुणाचं तरी माप घेत होती. आईनं शेजारी बसलेल्या गिऱ्हाईक बाईंना ओळख करून दिली, "ही माझी थोरली. हिचं तसं काही नाही, घरीच असते."

आईच्या मनात काही वाईट नव्हतं. पण 'तसं काही नाही' हे तीन शब्द घेऊन ताई, कागद पिशवीतून न काढताच, डोकं दुखतंय म्हणून परत फिरली. घरी येऊन तिनं कॉम्प्युटर उघडला, खांद्यांचं चित्र बंद केलं आणि कोरं पान घेतलं. एक गोल, त्यात बटणाची चार भोकं. तीन भोकं जिथल्या तिथे ठेवली आणि चौथं उचलून बटणाच्या कडेला नेलं, वेडंवाकडं.

"घे," ती मोठ्यानं म्हणाली. "वाकड्यांची कंपनी, वाकडं बटण."

सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. तेच तिनं पाठवून दिलं. भिंगरीला नक्की आवडणार नाही, ती कुरकुर करेल, मग आपण म्हणू की दुसऱ्या कुणाकडून काढून घे.

फोन आला तेव्हा भिंगरीचा आवाज भरलेला होता.

"ताई, हे कसं गं सुचलं तुला?"

"का? काय झालं?"

"मास्टरांना दाखवलं. ते दिवसभरात चार वाक्यं बोलत नाहीत. म्हणाले, तीन भोकं जागच्या जागी आणि चौथं आपल्या मर्जीनं. धागा तरी जातोच की सगळ्यांतून." तिनं नाक ओढलं. "मला पाच वर्षांत कुणाला समजावता आलं नाही, ते तू एका बटणात सांगितलंस."

ताईनं कसंबसं "बरं" म्हणून फोन ठेवला.

लेबलं विणून आली. पाठीला बाक असलेले एक निवृत्त शिक्षक लेबलावर अंगठा ठेवून म्हणाले, हे चौथं म्हणजे मी. दोन गिऱ्हाइकांनी सांगितलं, लेबल आत नको, बाहेर बाहीवर लावा, लोकांना दिसू दे. भिंगरी रोज असलं काहीतरी फोनवर सांगायची, ताई हूं हूं करायची आणि फोन ठेवल्यावर तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बहिणीवर जळता जळता ती आता त्या बटणावरही जळायला लागली. चार दिवस डोळे फोडून काढलेलं चित्र धूळ खात पडलं होतं आणि रागानं खरडलेल्या गोलावर लोक जीव टाकत होते.

महिनाभरानं तिला ते सहन होईना. खांद्यांचं चित्र मोठ्या कागदावर छापून घेऊन ती भरदुपारी कारखान्यात पोचली आणि कापायच्या टेबलावर ते पसरलं.

"खरा लोगो हा आहे," ती म्हणाली. "पाटी अजून रंगवायची आहे ना? हा घ्या."

भिंगरी वाकून बघत राहिली. "छान आहे," ती म्हणाली. तो 'छान' ताईच्या ओळखीचा होता. नाही म्हणायच्या आधी गिऱ्हाईक असंच छान म्हणतं.

मास्टरांनी चष्मा पुसून घातला. "रेष फार सुंदर आहे. पण लेबलावर अर्ध्या इंचात तिचा गुंता होईल." मग त्यांनी कागदावर पट्टी ठेवली, सवयीनं. "आणि खांदे दोन्ही सारखेच आहेत, बाई."

ताईनं बघितलं. खरंच सारखे होते. केसाचाही फरक नाही. पाच वर्षांत इथे येऊन गेलेल्या एकाही माणसाचे खांदे असे नसतील, आणि ही गोष्ट चार दिवसांत तिच्या ध्यानातही आली नव्हती.

तिला ते झोंबलं, आणि झोंबलं म्हणून तोंड सुटलं.

"आणि ते बटण काय फार विचार करून काढलंय? दहा मिनिटांत काढलं! चिडून काढलं! वाकड्यांची कंपनी म्हणून वाकडं बटण!"

मशिनं चालूच होती, फक्त तिसरं मशीन थांबलं. त्यावर बसणाऱ्या कारागीर बाईंचा एक पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. त्यांनी मान वर केली नाही. घडीभरानं त्यांचं मशीन पुन्हा चालू झालं.

भिंगरीनं कागदाची गुंडाळी केली आणि ताईच्या हातात दिली.

"ताई, तू घरी जा."

त्यानंतर बारा दिवस तिचा फोन आला नाही. आईचे मात्र आले, रोज दोन. "काय वाजलंय तुमच्यात?" ताई सांगायची, काही नाही. तिला काम सुचत नव्हतं. भिंगरीवर रागवायला जावं तर डोळ्यांसमोर ते थांबलेलं मशीन यायचं.

तेराव्या दिवशी भिंगरी आली. या वेळी ती दारातच उभी राहिली.

"मी लेबलं बदलणार होते. सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं आणि विचारलं. तिसऱ्या मशीनवरच्या बाईच नको म्हणाल्या. म्हणाल्या, चिडून काढलं असेल नाहीतर लाडानं, भोक बरोबर जागी पडलंय. म्हणून राहू देतेय. तुझ्यासाठी नाही."

"बरं."

"आणि माझा राग गेलेला नाही."

"नको जाऊ देऊस," ताई म्हणाली. मग म्हणाली, "मला बघवत नाही गं तुझं. काय करू? मी पहिली यायचे आणि तू नापास व्हायचीस, त्याची सवय झाली होती मला."

भिंगरी आत आली आणि खुर्चीवर बसली.

"आणि मला काय, ते बघायला मजा येत होती? हेवा करायची मक्तेदारी तुझी एकटीची नाही. पाचवीत तुझी रंगपेटी पाण्याच्या बादलीत कोणी टाकली?"

"मांजरानं."

"मांजर पेटीचं झाकण लावून मग बादलीत टाकतं होय?"

ताईला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. रंगपेटी नवी होती आणि त्या मांजराला तिनं आठवडाभर घरात येऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली आणि तिसऱ्या मशीनपाशी उभी राहिली. घरून ठरवून आणलेली वाक्यं आयत्या वेळी गेली. "मी जे बोलले ते फार वाईट बोलले," एवढंच तिला जमलं.

"हो, वाईट बोललात," बाई म्हणाल्या. त्यांनी दोरा दातानं तोडला. "बसा. ही बाही जरा ताणून धरा, कापड सरकतंय."

ताई संध्याकाळपर्यंत बाह्या धरून बसली. अधूनमधून ती ट्रायलच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या माणसांकडे बघत होती. नवा कोट घालून आरशासमोर उभं राहिलं, की आधी ती माणसं खांद्याकडे बघायची आणि मग चेहऱ्याकडे. हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

नवी जागा दोन महिन्यांनी सुरू झाली. दर्शनी भिंतीवर हातभर रुंद बटण रंगवलं होतं. बरीच माणसं आली होती. दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ही खूण कुणी काढली? फार विचार केलाय."

ताई भिंतीपासून दोन पावलं मागे सरकली.

"माझ्या ताईनं," भिंगरी खणखणीत आवाजात म्हणाली. "माझ्यावर जळून काढलीय."

थट्टा समजून सगळे हसले. मास्टर हसले नाहीत, ते आपले कात्रीला तेल देत राहिले.

"खरंच जळून," ताई म्हणाली. "तिला विचारा, मी अजून पुरती विझलेले नाही."

त्यावर लोक आणखी हसले. डॉक्टरीणबाईंनी ताईचा नंबर मागून घेतला. दवाखान्यालाही नवी खूण हवी होती. ताईनं तो लिहून दिला. मान वर केली तर भिंगरीभोवती गर्दी जमली होती, आई मधोमध उभी राहून तिचीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगत होती, आणि ताईच्या पोटात नेहमीच्या जागी दुखलं. तिनं ग्लासभर पाणी पिऊन घेतलं. दारात एक गृहस्थ चाकाच्या खुर्चीतून नुकतेच आले होते आणि कुठे जावं ते त्यांना कळत नव्हतं.

"या," ताई म्हणाली, "मापाची खोली इकडे आहे," आणि ती त्यांच्या पुढे चालायला लागली.