केळ्यांची फणी

गोखिवऱ्यातल्या प्रत्येक शोकसभेत भाषण माझंच असतं. शेजारचे शत्रुघ्नकाका गेले, तेव्हाही मी ‘अपरिमित हानी’पासून सुरुवात केली. लोक मोबाइल बघत होते.

मग तो इस्टेट एजंट परेश उठला. “काका माझ्याशी भांडायला यायचे, तरी हातात केळ्यांची फणी असायची,” एवढंच म्हणाला आणि बसला. सगळी सभा रडली.

माझा नुसता जळफळाट झाला. फणी आमच्याकडेही यायची की. पण भाषणात केळी कसली आणायची, असं मला वाटलं होतं.

घरी जाताना मी बायकोला म्हटलं, “त्याला धड भाषणही करता येत नाही.”

डोळे पुसत ती म्हणाली, “माझ्या वेळी त्यालाच बोलू द्या.”