भरलेले हौद

आशा जपणे हे पुण्य खरे. परंतु तिच्या आधाराने दुसरा कोणी आपले आयुष्य खोळंबवून ठेवीत असेल, तर ती विझवण्याचे कर्तव्यही तिच्या रक्षकाकडेच येते. आमच्या बेटावर ते डूगलच्या वाट्याला आले.

समुद्रकाठची व्हिस्कीची भट्टी मालकांनी बंद केली, तेव्हा जुना कारागीर डूगल राखणदार म्हणून मागे उरला. सातूचा रस आंबवण्याचे प्रचंड लाकडी हौद रिकामे राहिले, तर फळ्या सुकून आक्रसतात आणि हौद कायमचे वाया जातात. म्हणून तो त्यांत ओढ्याचे पाणी भरून ठेवी. हौद भरलेले आहेत तोवर भट्टी पुन्हा पेटेल, अशी गावाची श्रद्धा होती. पूर्वी भट्टीतल्या सातूच्या चोथ्यावर गाई पोसणारा लॅक्लन तर त्या श्रद्धेवरच जगत होता.

एका वसंतात मालकांची माणसे आली आणि दारू गाळण्याची तांब्याची पात्रे कापून बोटीने घेऊन गेली. संध्याकाळी लॅक्लन फाटकाशी आला.

"तांबं गेलं तर जाऊ दे. नवं घडवतील. तू आपल्या लेकरांना पाणी पाजत राहा."

"कोण घडवणार, लॅक्लन?"

"तुझं तोंड म्हणजे जानेवारीतलं आभाळ. माझी काळी गाय अजून रोज दुपारी इथे येऊन उभी राहते. तिला कळतं, तुला कळत नाही."

"गाय भुकेनं येते रे. तुझ्या टॉर्मोडचं कॅनडाचं जहाज कधी?"

"सोमवारी. पण पोरगा जायचा नाही. म्हणतो, डूगलकाका पाणी भरतायत, म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी डूगलने एकेका हौदाचे बूच स्वतःच्या हाताने काढले. पाणी फाटकाखालून समुद्राकडे वाहू लागले. लॅक्लन धावत आला आणि त्या ओघळाशीच थबकला.

"लाकूड मरेल, डूगल."

"हो. टॉर्मोडला सांग."

त्यानंतर लॅक्लन त्याच्याशी बोलला नाही. सोमवारी टॉर्मोड जहाजात चढला. पुढे गाईही विकल्या गेल्या. उन्हाळ्यात हौदांच्या फळ्या उकलल्या आणि फटींतून पलीकडचा समुद्र दिसू लागला. डूगल आजही रोज तिथे जातो. करण्यासारखे काही उरलेले नाही.

गेलेल्याला तो दूरचा किनारा आपला वाटो. आणि मागे राहिलेल्या या दोघा वृद्धांना, पुन्हा एकमेकांशी बोलण्याइतके तरी आयुष्य लाभो.