दाढेचं औषध काळजाला

मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. माझी नळी आणि आतला दट्ट्या, दोघांवर एकच आकडा कोरलेला. परका दट्ट्या मला चालत नाही. कारखान्यातून निघाले ती कापसात गुंडाळून शेवगावकडच्या एका छोट्या दवाखान्यात आले. रोज उकळत्या पाण्यात न्हायचे, रोज कुणाच्या तरी दंडात सुईवाटे औषध सोडायचे. पण मित्रांनो, माझ्याकडे विश्वासाने कुणी पाहिलंच नाही. कुणी तोंड फिरवायचं, कुणी देवाचं नाव घ्यायचं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता गहिनीनाथ नावाचा मजूर छातीला हात लावून खाली बसला. लोकांनी त्याला बैलगाडीत घालून आणलं. डॉक्टरांनी यंत्र लावलं आणि कागदाच्या पट्टीवरच्या रेघा पाहून त्यांचा चेहरा उतरला. काळीज ताल सोडून उधळलं होतं. असंच धावत राहिलं असतं तर थांबलंच असतं.

"सिस्टर, लिग्नोकेन भरा!"

हन्ना सिस्टरने कपाटातली शिशी घेऊन मला भरलं. गहिनीनाथची बायको रतनबाई उशाशी उभी होती. तिने शिशी पाहिली आणि माझ्यापुढे हात आडवा घातला.

"थांबा वं बाई! ही तर दाढंची शिशी हाय. गेल्या म्हैन्यात हिच्यातल्या औषधानं माजा गाल निम्मा दिस मेल्ता. आमच्या मालकाचं काळीज मारता काय?"

"बाई, औषध तेच असतं," डॉक्टर घाईने म्हणाले. "दाढेला बधिर करतं, पण शिरेतून दिलं की उधळलेलं काळीज ताळ्यावर आणतं. हात काढा."

"औषध त्येच आसंल. पन शिशीबी तीच का?"

"आता तुम्हीच डॉक्टरकी करा," हन्ना पुटपुटली. तरी तिने शिशी उजेडात धरली, आणि मला झटकन बाजूला ठेवलं. नावाखाली बारीक अक्षरं होती: ॲड्रिनलिनसह. दाढेतून रक्त कमी यावं म्हणून ते मिसळलेलं. धावत्या काळजाला तो चाबूकच!

मला मोरीत रिकामं केलं. उकळून निवलेल्या पाण्याने तीनदा विसळलं. साध्या लिग्नोकेनची शिशी खालच्या फळीवर सापडली. दट्ट्या हळूहळू सरकला. मग पट्टीवरच्या रेघा पेरणीच्या पाभरीने शेतात ओढलेल्या तासांसारख्या एकामागे एक नीट उमटू लागल्या.

रतनबाईने पट्टीवर भरवसा ठेवला नाही. नवऱ्याच्या छातीवर तळवा ठेवून तिने विचारलं, "सुन्न झालं का वं काळीज?"

"न्हाई," तो क्षीण आवाजात म्हणाला. "तुजी कटकट कळतीया की."

त्याच दुपारी हन्नाने दाढेच्या सगळ्या शिश्यांना लाल दोरा बांधला.

आता माझा दट्ट्या सैल झालाय, मी फडताळात पडून असते. मित्रांनो, औषधाला भिऊ नका. पण नाव वाचल्यावाचून, विचारल्यावाचून घेऊही नका. माझ्यात अमृत भरा नाहीतर विष, मी निमूट पुढे ढकलते. विचारायला गळा तुम्हाला दिलाय.